अमेरिकेतल्या निवडणुका दिसण्यावर कशा आल्या, थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या राजकारणाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे हा सगळा तमाशा ट्रम्पने सुरू केला, आणि दुसरं म्हणजे लोकांनाच हे हवं असतं हो, मुद्द्याचं बोललं तर ऐकतंय कोण. पहिलं वाक्य नुसतं चूक आहे, पण दुसऱ्याचा मला मनापासून राग येतो, कारण ज्यांनी हे असं करून ठेवलं ते नामानिराळे राहतात आणि खापर फुटतं मतदाराच्या डोक्यावर. इतिहास बघितला तर हे आपोआप झालेलं नाही, टप्प्याटप्प्याने झालंय, आणि बहुतेक टप्प्यांवर ते कुणीतरी बसून ठरवलंय.

सुरुवात १८४० पासून करावी लागेल, म्हणजे टीव्ही सोडा, तारसुद्धा यायची होती. विल्यम हेन्री हॅरिसन हा व्हिग पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार. विरोधी बाजूच्या बाल्टिमोरमधल्या एका पेपरने त्याची टिंगल केली की या म्हाताऱ्याला पेन्शन आणि सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं, एक पिंप द्या, तो आपल्या लाकडी खोपटात सुखाने बसून राहील. व्हिगांनी ती टिंगलच उचलून धरली. गावोगाव मिरवणुका, गाड्यांवर ओंडक्यांची खोपटी, फुकट सायडर, गाणी, आणि हॅरिसन म्हणजे खोपटातला साधा माणूस. प्रत्यक्षात तो व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदार घराण्यातला, वडिलांची सही थेट स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर. १८३७ पासून देशात मंदी होती, बँका बुडालेल्या, आणि त्यावर तुम्ही काय करणार हे सांगणारा जाहीरनामा व्हिगांनी काढलाच नाही. मतदान झालं ८० टक्क्यांच्या आसपास, हॅरिसन निवडून आला, आणि शपथ घेतल्यावर महिन्याभरात वारला.

त्याच देशात १८ वर्षांनी इलिनॉयमध्ये सिनेटच्या जागेसाठी लिंकन आणि डग्लस सात गावांत समोरासमोर उभे राहिले. पहिल्याने एक तास बोलायचं, दुसऱ्याने दीड तास, मग परत पहिल्याला अर्धा तास. विषय मुख्यतः एकच, नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची की नाही. हजारो लोक उभं राहून ऐकायचे, शॉर्टहँडवाले उतरवून घ्यायचे आणि पेपरात अख्खी भाषणं छापून यायची. याला सुवर्णकाळ वगैरे म्हणायची माझी तयारी नाही, बायकांना मत नव्हतं, इलिनॉयमधल्या काळ्यांना मत नव्हतं, डग्लसने वंशद्वेष पोटभर वापरला आणि चार्ल्सटनच्या सभेत लिंकनही काळे आणि गोरे बरोबरीचे नाहीत असंच बोलला. शिवाय दोनच वर्षांनी लिंकनच्या माणसांनी डिकेटरच्या अधिवेशनात त्याने तरुणपणी कुंपणासाठी फोडलेली म्हणून दोन लाकडं नाचवत आणली आणि त्याला लाकूडतोड्या करून टाकलं, जेव्हा की तो तोवर रेल्वे कंपनीच्या केसेस लढणारा नावाजलेला वकील होता. म्हणजे प्रतिमा तेव्हाही होतीच. पण ती पक्षाचे कार्यकर्ते बनवायचे, आणि तिच्या जोडीला तीन तासांचा वादही असायचा.

हे काम पगारी माणसांकडे गेलं ते नंतर, आणि त्यासाठी १९३३ साल बघण्यासारखं आहे कारण दोन्ही वाटा एकाच वर्षी दिसतात. १२ मार्चला रूझवेल्ट रेडिओवर आला, सत्तेवर येऊन आठच दिवस झाले होते आणि देशातल्या बँका बंद. त्याने काय केलं, तर तुम्ही बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत पडून नसतो, तो कर्जांत आणि रोख्यांत गुंतवलेला असतो, म्हणून सगळे एकदम काढायला आले तर चांगली बँकसुद्धा देऊ शकत नाही, हे साध्या भाषेत समजावून सांगितलं. तेरा-चौदा मिनिटं. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडायला लागल्या आणि लोक पैसे काढायला नाही, परत भरायला आले. इतकं अवघड प्रकरण, आणि लोकांना कळलं! त्याच वर्षी कॅलिफोर्नियात क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर या दोघांनी कॅम्पेन्स इंक. नावाची कंपनी काढली, निवडणुका लढवून देणं हाच तिचा धंदा. पुढच्या वर्षी लेखक अप्टन सिंक्लेअर गव्हर्नरपदासाठी उभा राहिला तेव्हा त्याच्या कादंबऱ्यांतल्या पात्रांच्या तोंडची वाक्यं शोधून ती जणू त्याचीच मतं आहेत अशी या कंपनीने पेपरात छापून आणली, आणि तो पडला.

मग १९५२, आणि इथे जरा थांबायला हवं कारण आज आपण जे बघतो त्याचा साचा इथे तयार झाला. रॉसर रीव्ज नावाचा जाहिरातवाला होता, गोळ्या-औषधांच्या जाहिराती करणारा. त्याचं गणित सरळ होतं. अर्ध्या तासाचं भाषण लावायचं म्हणजे लोकांचा आवडता कार्यक्रम काढावा लागतो, लोक वैतागतात, पैसाही जातो, त्यापेक्षा दोन लोकप्रिय कार्यक्रमांच्या मधल्या फटीत वीस सेकंद घुसायचं. रिपब्लिकन उमेदवार जनरल आयझेनहॉवरला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत नेऊन एका दिवसात चाळीसेक उत्तरं चित्रित केली. चष्मा दिसू नये म्हणून मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून समोर धरलेला. हे लक्षात घ्या की प्रश्न अजून कुणी विचारलेच नव्हते. नंतर रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या भागात फिरायला आलेल्या पर्यटकांतून साधीसुधी दिसणारी माणसं निवडली, त्यांच्याकडून प्रश्न वाचून घेतले आणि दोन्ही तुकडे जोडले. एक बाई म्हणते भाव इतके वाढलेत की वेड लागायची पाळी आलीय, त्यावर जनरलसाहेब म्हणतात हो, आमची बायको मेमीसुद्धा महागाईवरून माझ्या मागे लागते, म्हणूनच सांगतो, बदलाची वेळ आलीय. संपलं. महागाई का झाली, कोरियातल्या युद्धाचा तिच्याशी काय संबंध, तुम्ही नेमकं काय करणार, काही नाही. शूटिंगच्या मधल्या वेळात एका जुन्या सैनिकावर ही पाळी यावी असं आयझेनहॉवर स्वतःच म्हणाला असं सांगतात.

समोर डेमोक्रॅट उमेदवार स्टीव्हन्सन अर्ध्या अर्ध्या तासाची भाषणं करत होता, वेळ उलटली की मध्येच तोडला जात होता. त्याच्या बाजूनेही जिंगल केल्या, ते काही सोवळ्यात नव्हते. पण चार वर्षांनी परत उमेदवारी स्वीकारताना तो म्हणाला की नाश्त्याच्या सीरियलसारखे उमेदवार विकता येतात ही कल्पना म्हणजे लोकशाहीचा कमालीचा अपमान आहे. तो दोन्ही वेळा हरला, आणि त्या धंद्यातल्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला. महायुद्ध जिंकून आलेला सेनापती जाहिरातीशिवायही निवडून आला असता, ही शक्यता कुणी फार विचारात घेतली नाही.

१९६० ची केनेडी-निक्सन डिबेट सगळ्यांना माहीत आहे, निक्सनचा घाम, वाढलेली दाढी, सात कोटी प्रेक्षक. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकला वाटला ही जी गोष्ट सांगतात तिचा आधार मात्र फार लंगडा आहे, एका छोट्या सर्व्हेवर ती उभी आहे. आणि ती डिबेट आज वाचून काढली तर चकित व्हायला होतं, शाळांना केंद्राचा पैसा, शेतमालाचे भाव, म्हाताऱ्यांचा औषधोपचार, दोघंही व्यवस्थित बोलतायत. पण लक्षात काय ठेवलं गेलं तर घाम. १९६८ ला निक्सनने डिबेट टाळली आणि रॉजर आयल्स या विशीतल्या टीव्ही प्रोड्यूसरला हाताशी धरून स्वतःचे प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम केले, प्रश्न विचारणारे निवडलेले, टाळ्या वाजवणारे आपलेच, पत्रकार स्टुडिओबाहेर. याच आयल्सने १९९६ मध्ये फॉक्स न्यूज उभं केलं. अध्यक्षपदाच्या डिबेट मग थेट १९७६ ला परत सुरू झाल्या.

रेगनच्या वेळी तर चित्र शब्दावर किती मात करतं हे लख्ख दिसलं. १९८४ मध्ये सीबीएस या टीव्ही चॅनलच्या पत्रकार लेस्ली स्टॉलने मोठी बातमी केली, रेगन अपंग मुलांच्या खेळांना जातो, वृद्धाश्रमाच्या उद्घाटनाला जातो, आणि त्याच लोकांच्या योजनांचा पैसा कापायला निघालाय. तिला वाटलं आता व्हाइट हाऊस भडकणार. तिने नंतर सांगितलंय की फोन आला तो खूश होऊन, इतकी सुंदर दृश्यं दाखवलीत, तुमचं बोलणं कुणी ऐकलंच नाही.

आणि मग १९८८, माझ्या मते खरा घसरणीचा बिंदू. बुश सीनियर न्यू जर्सीत ब्लूमफील्डला झेंड्यांच्या कारखान्यात फोटो काढून आला. त्याच्या विरोधातला डेमोक्रॅट डुकाकिस १३ सप्टेंबरला मिशिगनमध्ये हेल्मेट घालून रणगाड्यात बसला, बातम्यांत हसं झालं आणि बुशच्या माणसांनी त्याच फिल्मची जाहिरात केली. त्या दौऱ्यात तो पारंपरिक सैन्यदलाबद्दल काय म्हणत होता ते आज कुणाला आठवत नाही, हेल्मेट सगळ्यांना आठवतं. पण याहून गंभीर गोष्ट तेव्हा फारशी चर्चेत आली नाही. १९७६ पासून तीन निवडणुकांत डिबेट भरवत होती ती लीग ऑफ विमेन व्होटर्स, बायकांना मताचा हक्क मिळाला त्या १९२० सालात स्थापन झालेली, पक्षांशी संबंध नसलेली संस्था. १९८७ मध्ये दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून डिबेट भरवायला स्वतःचं कमिशन काढलं, आणि १९८८ मध्ये दोन्ही उमेदवारांच्या माणसांनी बंद दाराआड करार करून लीगच्या समोर ठेवला, प्रश्न कोण विचारणार, सभागृहात कोण बसणार, पत्रकार कुठे उभे राहणार, सगळं आधीच ठरलेलं. ३ ऑक्टोबरला लीगने अंग काढून घेतलं आणि जाहीरपणे सांगितलं की ही मतदारांची फसवणूक आहे, त्यात आम्ही सामील होणार नाही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पक्ष या एका बाबतीत किती पटकन एक झाले बघा. त्यानंतर २०२० पर्यंत सगळ्या डिबेट कमिशनच्या.

याच काळातला एक अभ्यास आहे, हार्वर्डमध्ये झालेला. संध्याकाळच्या बातम्यांत उमेदवाराचा आवाज सलग किती वेळ ऐकू येतो हे मोजलं तर १९६८ मध्ये सरासरी ४२ सेकंद, १९८८ मध्ये १० सुद्धा नाही. १० सेकंदांत आरोग्य विम्यावर काय बोलणार कुणी? मग बोलणारे तसंच वाक्य तयार करून यायला लागले जे १० सेकंदांत बसेल, आणि ते लिहून देणाऱ्यांचा भाव वाढला.

आता लोकांना हेच हवं असतं म्हणणाऱ्यांसाठी १९९२. रॉस पेरो नावाचा टेक्सासचा अब्जाधीश, अपक्ष उमेदवार, बारीक चणीचा, आवाज चिरका, कुठल्याही सल्लागाराने नापास केला असता असा. त्याने स्वतःच्या पैशाने नॅशनल टीव्हीवर अर्ध्या तासाच्या वेळा विकत घेतल्या आणि हातात काठी घेऊन सरकारी तुटीचे तक्ते समजावत बसला. पहिलाच कार्यक्रम दीड कोटीच्या वर लोकांनी बघितला, आणि नोव्हेंबरमध्ये त्याला १९ टक्के मतं पडली. त्याची सगळी मतं पटतात असं नाही, मध्येच माघार घेऊन परत आला तेही विचित्रच होतं. पण तक्ते लोकांनी बघितले. चार वर्षांनी, १९९६ ला, कमिशनने त्याला जिंकायची वास्तव शक्यता नाही म्हणून डिबेटमधून बाहेर ठेवलं.

ट्रम्प आला तो या सगळ्या तयार रस्त्यावरून. २००४ पासून लोकांनी त्याला टीव्हीवर निर्णय घेणारा बॉस म्हणून बघितलं होतं, ती प्रतिमा एका मनोरंजन कार्यक्रमाच्या एडिटिंगमध्ये घडली होती. २०२४ च्या ऑक्टोबरात तो पेनसिल्व्हेनियात मॅकडोनाल्डमध्ये एप्रन बांधून फ्राइज तळायला उभा राहिला, दुकान इतरांसाठी बंद, खिडकीवर येणारी गिऱ्हाइकं आधी तपासलेली. किमान वेतन वाढवणार का असं पत्रकारांनी तिथेच विचारलं तर हे लोक फार मेहनती आहेत असं काहीतरी बोलून विषय उडवला. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर अडकलंय, त्या फोटोत हीच गोष्ट बोलण्यासारखी होती. आणि डेमोक्रॅटसुद्धा वेगळं वागले नाहीत. २१ जुलैला बायडनने माघार घेतल्यावर त्याच्या जागी आलेल्या कमला हॅरिसने पहिली मोठी मुलाखत दिली ती २९ ऑगस्टला, मधले पाच-सहा आठवडे सभा, मीम आणि सेलिब्रिटी. तिची आरोग्य विम्याबद्दलची आणि फ्रॅकिंगबद्दलची (जमिनीखालचा खडक फोडून तेल-वायू काढण्याबद्दलची) भूमिका २०१९ पेक्षा का बदलली हे लोकांना नीट कळायला हवं होतं, ते शेवटपर्यंत धड सांगितलं गेलं नाही.

त्याच वर्षी कमिशनलाही बाजूला सारलं गेलं. रिपब्लिकन पक्ष २०२२ लाच बाहेर पडला होता, मे २०२४ मध्ये बायडनच्या लोकांनीही कळवलं की आम्ही तुमच्याकडे येणार नाही, आणि दोन्ही प्रचारयंत्रणांनी थेट चॅनलशी बोलून तारखा ठरवल्या, समोर प्रेक्षक नाहीत. कमिशनने आधी ठरवलेल्या डिबेटपैकी एक व्हर्जिनियात पीटर्सबर्गला व्हर्जिनिया स्टेट युनिव्हर्सिटीत व्हायची होती, काळ्यांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात अध्यक्षपदाची अशी डिबेट व्हायची ती पहिलीच वेळ ठरली असती. ती रद्द झाली, आणि ती व्हावी की नाही हे विद्यापीठाला किंवा मतदारांना कुणी विचारलं नाही.