जे रंगले तेवढेच दिसले: चेतापेशींच्या शोधाची पार्श्वभूमी

मेंदू व मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था आणि तेथून शरीरभर पसरलेल्या चेतांची परिघीय चेतासंस्था, ही ढोबळ रचना शवविच्छेदनातून फार पूर्वीच माहीत झाली होती. मेरुरज्जूच्या पुढच्या मुळांतून स्नायूंकडे आज्ञा जातात आणि मागच्या मुळांतून संवेदना आत येतात, हेही चार्ल्स बेल व फ्रांस्वा माजांदी यांच्या प्रयोगांमुळे १८२२ पर्यंत स्पष्ट झाले. घोडे अडले ते पेशींपाशी. सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये मांडले खरे. पण चेताऊतीत एक पेशी कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे सूक्ष्मदर्शकाखाली कोणालाच दिसत नव्हते. धाग्यांच्या त्या गुंत्याकडे पाहून सगळे तंतू एकमेकांत मिसळलेले अखंड जाळेच असावे, असा निष्कर्ष जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ गेरलाख यांच्यासारख्या अभ्यासकांनी काढला, आणि हाती असलेल्या साधनांचा विचार करता तो मुळीच अडाणीपणाचा नव्हता.

कोंडी फोडली ती ऊती रंगवण्याच्या एका रंजनपद्धतीने. १८७३ मध्ये इटलीतील कामिल्लो गॉल्जी यांनी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये घट्ट केलेला मेंदूचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवला, तेव्हा पिवळसर पार्श्वभूमीवर काही मोजक्याच पेशी शाखा-उपशाखांसह काळ्याभोर उमटल्या. शेकड्यातील थोड्याच पेशी रंगतात, हाच या पद्धतीचा खरा गुण. सगळ्या रंगल्या असत्या तर काळ्या डागापलीकडे काहीच दिसले नसते.

स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८७ मध्ये या पद्धतीने रंगवलेली काचपट्टी प्रथम पाहिली. त्यांनी पद्धतीत सुधारणा केल्या आणि पक्ष्यांचे भ्रूण व अगदी कोवळी पिल्ले अभ्यासासाठी निवडली, कारण तंतूवर मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे आवरण चढले की तो नीट रंगत नाही. अनुमस्तिष्कात (मेंदूच्या मागच्या, लहान भागात) त्यांना एका पेशीचा अक्षतंतू, म्हणजे संदेश बाहेर नेणारा लांब धागा, दुसऱ्या मोठ्या पेशीभोवती टोपलीसारखा वेढा घालून तेथेच संपलेला आढळला. तो तिच्यात मिसळत नव्हता. १८९१ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी या स्वतंत्र एककाला ‘न्यूरॉन’ म्हटले. १९०६ चे नोबेल पारितोषिक गॉल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले, तरी गॉल्जी यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते या न्यूरॉनच्या सिद्धांतावरच टीका केली. दोन पेशींमधील सुमारे २० नॅनोमीटरची फट प्रत्यक्ष दिसायला १९५० च्या दशकातील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला.

चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लायल पेशींच्या वाट्याला मात्र बराच काळ उपेक्षाच आली. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिर्खो यांनी त्यांना चेताऊतीतील जोडद्रव्य मानले होते. ताराकृती पेशी काहाल यांच्या सुवर्णरंजनात उठून दिसल्या. मेंदूचे संरक्षण करणाऱ्या मायक्रोग्लिया आणि मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी वेगळ्या ओळखण्यासाठी त्यांचेच शिष्य पीओ देल रिओ ओर्तेगा यांना १९१९ च्या सुमारास चांदीच्या कार्बोनेटची नवी पद्धत शोधावी लागली. ग्लायल पेशींची संख्या चेतापेशींच्या दसपट असते, हे विधान पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत फारशी तपासणी न होता छापले जात राहिले. २००९ मध्ये मेंदूची ऊती विरघळवून, मोकळी झालेली केंद्रके रंगवून मोजली गेली, तेव्हा प्रौढ माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८६ अब्ज आणि इतर पेशी जवळपास तेवढ्याच भरल्या.