मँगोस्टीन

मँगोस्टीन हे आग्नेय आशियाच्या उष्ण व दमट प्रदेशात वाढणाऱ्या एका सदाहरित वृक्षाचे फळ असून त्याचे शास्त्रीय नाव गार्सिनिया मँगोस्टाना असे आहे. कोकणातला रातांबा (गार्सिनिया इंडिका) याच प्रजातीतला असल्यामुळे मराठी वाचकाला हे फळ वाटते तितके परके नाही. कार्ल लिनीअस याने १७५३ मध्ये या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिले. प्रजातीचे ‘गार्सिनिया’ हे नाव, या फळाचे वर्णन करणाऱ्या लॉरेंट गार्सिन या निसर्गाभ्यासकावरून आले आहे. ‘मँगोस्टीन’ हा शब्द मलाय भाषेतील ‘मांगिस’ या नावाशी जोडला जातो, आंब्याशी नव्हे. रातांब्याच्या नावातही आंबा आहे, पण आंब्याच्या कुळाशी या दोन्ही झाडांचे नाते नाही.

पिकलेले फळ लहान मोसंब्याएवढे, चार ते सात सेंटिमीटर व्यासाचे, गोल आणि गडद जांभळे असते. देठाकडे जाड, हिरव्या निदलांचा मुकुट फळ पिकेपर्यंत टिकून राहतो. फळ उलटे करून पाहिले, तर बुडाशी फुलासारखी उठावदार खूण दिसते. ही फुलातल्या कुक्षीची वाळलेली निशाणी असून तिला जितक्या पाकळ्या तितक्याच फोडी आत निघतात. बहुधा चार ते आठ. फोडी जास्त असतील तर त्या लहान असतात आणि त्यांत बी सहसा नसते, म्हणून जाणकार गिऱ्हाईक आधी बुड पाहून मगच फळ घेते.

फळ फोडण्यासाठी मोठी सुरी लागत नाही. दोन्ही तळव्यांमध्ये धरून हळूच दाबले की साल तडकते. किंवा सुरीने सालीपुरती गोल चीर देऊन वरची अर्धी वाटी फिरवून काढली, तर खालच्या जांभळ्या वाटीत सोललेल्या लसणाच्या गड्डीसारख्या पांढऱ्याशुभ्र फोडी बसलेल्या दिसतात. गर मऊ आणि रसाळ असतो. त्याची गोडी लिचीच्या जवळ जाणारी, पण मागे स्वच्छ आंबटपणा ठेवणारी असते आणि तिच्यामुळेच या फळाला ‘फळांची राणी’ म्हणतात. राजेपण त्या भागात उग्र वासाच्या ड्युरियनकडे जाते. एक-दोन मोठ्या फोडींत चपटे बी असते, ते चावू नये, कडू लागते. सालीचा रस कपड्यावर पडला तर डाग निघत नाही, आणि आग्नेय आशियातील काही हॉटेलांत हे फळ खोलीत नेण्यास याच कारणासाठी मनाई असते.

रातांबा आणि मँगोस्टीन शेजारी ठेवून पाहिले की या प्रजातीची गंमत कळते. रातांब्यात माणसाला हवी असते ती साल. तिला बियांच्या रसाची पुटे देऊन उन्हात वाळवली की आमसूल तयार होते, मीठ घालून आगळ निघते, आणि बियांपासून मुठेल हे घट्ट तेल मिळते. मँगोस्टीनमध्ये साल कडू व तुरट, सहा ते दहा मिलिमीटर जाड, आणि खाण्याजोगा भाग फळाच्या वजनाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा. सालीला वा देठाला इजा झाली की दोन्ही फळांतून पिवळा चीक येतो. मँगोस्टीनमध्ये हा चीक कधीकधी आत उतरून गर कडू करतो, तर काढणीच्या सुमारास फार पाऊस झाल्यास गर पाणीदार व पारदर्शक होतो. बाहेरून यांतले काही ओळखू येईलच असे नाही.

पुनरुत्पादनात मात्र हे नातलग एकमेकांच्या अगदी उलट आहेत. रातांब्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बीपासून वाढवलेले झाड नर की मादी हे फुलावर येईपर्यंत कळत नाही. म्हणूनच कोकणात मादी झाडांची कलमे लावण्यावर भर असतो. मँगोस्टीनची लागवडीतली झाडे सर्व मादीच असतात. परागणाशिवाय बी तयार होते आणि त्यापासून उगवलेले रोप बहुतांशी आईचीच प्रतिकृती असते. त्यामुळे देशोदेशींच्या बागांतली झाडे एकमेकांसारखी असतात आणि निवडीतून नवे वाण काढणे अवघड जाते. या जातीचा उगम संकरातून झाला का आणि नेमका कोणत्या जंगली झाडांपासून झाला, याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

बी वाळले की मरते, म्हणून ते फळातून काढल्यावर लगेच पेरावे लागते. रोपाला पहिली काही वर्षे सावली लागते, मुळे नाजूक असतात, वाढ अतिशय सावकाश होते, आणि पहिले फळ दिसायला सात ते दहा वर्षे सहज लागतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातील काचगृहांमध्ये हे झाड वाढवण्याचे बरेच प्रयत्न झाले, त्यामागे या फळाची दुर्मिळता होती. ताजे फळ आणून देणाऱ्याला व्हिक्टोरिया राणीने बक्षीस जाहीर केल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते, पण तिला समकालीन पुरावा मिळत नाही.

आज थायलंड हा मोठा निर्यातदार आहे. तेथील चांताबुरी प्रांतात मे-जूनच्या सुमारास हंगाम ऐन भरात असतो आणि चीन ही मोठी बाजारपेठ आहे. फळमाशीच्या भीतीने अमेरिकेने ताज्या थाई फळांना दार बंद ठेवले होते. विकिरण प्रक्रिया केलेली फळे २००७ पासून तेथे जाऊ लागली. फळ झाडावरून पडू न देता हाताने किंवा झेल्याने काढतात, कारण आपटलेल्या जागी साल दगडासारखी कडक होते. सुमारे १३ अंश सेल्सिअसला ते दोन-तीन आठवडे टिकते, त्याहून फार थंडीत मात्र साल कडक होते. विकत घेताना साल बोटाने दाबल्यावर किंचित लवली पाहिजे, हीच खरी पारख.

सालीचा उपयोग आग्नेय आशियात रंगकामासाठी व अतिसारावरील पारंपरिक औषधात होतो. तिच्यातील झँथोन वर्गाच्या संयुगांवर प्रयोगशाळेत पुष्कळ काम झाले आहे. तथापि कर्करोग बरा करण्याचे जे दावे बाटलीबंद रसाच्या जाहिरातींत केले जातात, त्यांना माणसांवरील चाचण्यांचा पुरेसा आधार नाही. हे फळ चवीसाठी खावे, ती पुरेशी आहे.

भारतात तमिळनाडूतील निलगिरीच्या पायथ्याशी कल्लार व बर्लियार येथील सरकारी बागांत आणि केरळात नारळ-पोफळीच्या सावलीत हे झाड चांगले रुजले आहे. फळे पावसाळ्यात बाजारात येतात. कोकण व गोव्यात हवा दमट व पाऊस भरपूर असला तरी तो चार महिन्यांत पडून जातो, आणि या झाडाला वर्षभर ओल हवी असते. त्यामुळे पाण्याची सोय असलेल्या माड-पोफळीच्या कुळागरांतच त्याची लागवड शहाणपणाची ठरते. कलमी झाड रोपापेक्षा लवकर फळते, मात्र ते ठेंगणे राहते आणि फळेही लहान देते.