न्यायव्यवस्थेवरील लोकविश्वास

पोलीस, सरकारी वकील, न्यायालय आणि तुरुंग या फौजदारी यंत्रणेकडून आपल्याला न्याय्य वागणूक मिळेल, ही एखाद्या समाजगटाची खात्री म्हणजे न्यायव्यवस्थेवरील लोकविश्वास. यंत्रणेचे रोजचे काम याच खात्रीवर चालते. फिर्याद द्यायला कोणी आले नाही, साक्षीला कोणी उभे राहिले नाही, तर मनुष्यबळ कितीही असो, तपास अडतो. ज्या वस्त्यांत अविश्वास खोल असतो, तिथले लोक अनेकदा गुन्ह्यांचेही बळी असतात. झडती त्यांचीच जास्त होते आणि संरक्षण त्यांनाच कमी मिळते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोच्या रहिवाशांच्या मुलाखतींच्या आधारे 1990 मध्ये मांडले, की निकाल कोणाच्या बाजूने लागला यापेक्षा तो लागेपर्यंत आपल्याला कसे वागवले गेले, याला लोक जास्त महत्त्व देतात. याला प्रक्रियात्मक न्याय म्हणतात. आपली बाजू मांडू दिली का, नियम सर्वांना सारखाच लावला का, मानाने वागवले का आणि अधिकाऱ्याचा हेतू प्रामाणिक वाटला का, हे चार प्रश्न त्याच्या मुळाशी आहेत.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात 2009-10 मध्ये याची प्रत्यक्ष रस्त्यावर परीक्षा झाली. मद्यपी चालक पकडण्यासाठी लावलेल्या नाकाबंदीत निम्म्या ठिकाणी पोलिसांना ठरावीक संवाद दिला होता. तुम्हाला संशयावरून थांबवलेले नाही, निवड कोणताही निकष न लावता होते, असे ते आधी सांगत. अपघातात माणूस गेल्याची बातमी त्याच्या घरी कळवणे हा आमच्या कामातला फार अवघड भाग आहे, हेही बोलत. मग चालकाचे म्हणणे विचारत आणि आभार मानत. एरवी काही सेकंदांत उरकणारी तपासणी सुमारे दीड मिनिटावर गेली. या चालकांचे पोलिसांविषयीचे मत इतरांपेक्षा चांगले आढळले.

हाच प्रयोग पुढे स्कॉटलंडमध्ये केला, तेव्हा उलटे घडले. नवी पद्धत वापरलेल्या ठिकाणी चालकांचे समाधान तुलनेने घटले. संशोधकांना कारण पोलीस दलाच्या आतच सापडले. 2013 मध्ये आठ दले एकत्र करून नवे दल उभारले होते, प्रयोगाचा हेतू खालपर्यंत नीट पोचला नव्हता आणि आपल्याला न विचारता कामे लादली जातात, ही नाराजी होती. ज्या शिपायाचे त्याच्याच दलात कोणी ऐकत नाही, त्याच्याकडून रस्त्यावर सौजन्य मिळणे कठीणच. सुधारणांचे आराखडे आखताना ही बाजू सहसा राहून जाते, आणि ते फार महागात पडते.

न्यायालयांच्या बाबतीत हेच प्रश्न साध्या गोष्टींतून उभे राहतात: पुढची तारीख कळवली का, आरोपी जामिनावर सुटल्याची खबर पीडिताला मिळाली का, भाषा न कळणाऱ्याला दुभाषा दिला का.

मात्र जुना अन्याय ताजा असेल, तिथे चांगली वागणूक पुरत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक व प्रोटेस्टंट समाजांतला सशस्त्र संघर्ष थांबवणाऱ्या 1998 च्या शांतता करारानंतर पोलीस सुधारणांसाठी नेमलेल्या पॅटन आयोगाने 1999 मध्ये 175 शिफारशी केल्या. तिथल्या लोकसंख्येत कॅथलिक 40 टक्क्यांहून अधिक होते, पोलीस दलात जेमतेम 8 टक्के. 2001 मध्ये दलाचे नाव बदलले, त्यापाठोपाठ बोधचिन्हही बदलले, भरती निम्मी कॅथलिक व निम्मी इतर अशी सुरू झाली. सर्वांत मोलाचे पाऊल त्याआधीच, 2000 मध्ये, पडले होते: पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतःचे तपास अधिकारी असलेले स्वतंत्र लोकपाल कार्यालय. पोलिसांची चौकशी पोलिसांनीच करायची, ही पद्धत तिथे संपली. पहिल्या लोकपाल नुआला ओलोन यांनी ओमा शहरातील 1998 च्या बॉम्बस्फोटाच्या तपासातील उणिवांवर 2001 मध्येच कडक ताशेरे ओढले. तरीही प्रामुख्याने कॅथलिकांचा पाठिंबा असलेल्या शिन फेन या पक्षाने नव्या पोलीस व्यवस्थेला मान्यता दिली ती 2007 मध्ये, करारानंतर जवळपास नऊ वर्षांनी. 2011 मध्ये भरतीची अट उठली, तोवर कॅथलिकांचे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास पोचले होते. पुढे ते फारसे वाढलेले नाही. कॅथलिक पोलिसांना सशस्त्र गटांकडून असलेला धोका, हे त्याचे एक कारण मानले जाते.