मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा (चित्तप्रसादन)

पतंजलींच्या योगसूत्रात पहिल्या पादातलं (पाद म्हणजे प्रकरण) ३३वं सूत्र या चार भावनांचं आहे. जो सुखात आहे त्याच्याशी मैत्री, जो दुःखात आहे त्याच्याबद्दल करुणा, जो चांगलं काम करतोय ते बघून मुदिता म्हणजे आनंद, आणि जो वाईट वागतोय त्याच्या बाबतीत उपेक्षा, असं मन वळवत गेलं की चित्त प्रसन्न होतं, एवढंच सूत्र सांगतं. इथे प्रसन्न म्हणजे हसरं, खुशीत असं नाही. संस्कृतात हा शब्द पाण्यालाही लावतात, गाळ खाली बसला की पाणी नितळ होतं तसं.

हे सूत्र कुठे येतं ते बघण्यासारखं आहे. आधी ३०व्या सूत्रात नऊ अडथळे सांगितलेत, आजारपण, संशय, आळस, धरसोड वगैरे, आणि ३१व्यात त्यांच्यासोबत काय काय येतं ते, म्हणजे दुःख, मनाची चडफड, अंगाची थरथर, बिघडलेला श्वास. संध्याकाळी हिंजवडीतून निघून वाकडला पाऊण तास एकाच जागी अडकलो की आपलं अंग आणि श्वास कसे होतात ते आठवा, म्हणजे ही यादी किती नेमकी आहे ते कळेल. मग ३३वं सूत्र, आणि त्यानंतर ३४ ते ३९ असे आणखी सहा उपाय, श्वास सोडणं-रोखणं, ध्यान वगैरे. त्या सहाही सूत्रांत 'वा' आहे, म्हणजे हे करा किंवा ते करा. ३३व्यात 'वा' नाही. मला यातून असं दिसतं की बाकीचे उपाय आवडीनुसार निवडायचे पण माणसांशी मनातून कसं वागायचं हे सगळ्यांनाच करावं लागतं. आसनं तर खूप पुढे, दुसऱ्या पादात ४६व्या सूत्राला येतात. पुण्यात योगाचा क्लास नाही अशी पेठ किंवा कॉलनी सापडणं अवघड, पण क्लासमध्ये या सूत्रावर कुणी महिनाभर थांबलंय असं फार कमी दिसतं, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

योगसूत्रावरचं जुनं भाष्य म्हणजे व्यासभाष्य, त्याच्यावरच्या टीकेत, म्हणजे विवरणात, वाचस्पती मिश्रांनी प्रत्येक भावना मनातला कुठला मळ काढते ते सांगितलंय. मैत्रीने ईर्ष्या जाते, करुणेने दुसऱ्याचं वाईट करायची इच्छा, मुदितेने असूया, उपेक्षेने अमर्ष म्हणजे सहन न होणारा संताप. ईर्ष्या आणि असूया यांत फरक आहे. भावाने बाणेरला थ्री बीएचके घेतला आणि आपल्या पोटात कालवलं ती ईर्ष्या. सोसायटीत एक काकू रोज सकाळी ओला कचरा जिरवायचं काम स्वतः उभं राहून करून घेतात आणि आपण म्हणतो त्यांना पुढे पुढे करायची हौसच आहे, ती असूया, म्हणजे दुसऱ्याच्या गुणातच दोष काढणं. असूया जास्त घातक, कारण ती आपल्याला स्पष्टवक्तेपणा वाटते आणि आपल्या पुण्यात स्पष्टवक्तेपणाला मान आहे.

चौथी भावना म्हणजे उपेक्षा, खरी अडचण हिचीच. मराठीत हा शब्दच वाईट झालाय, आईवडिलांची उपेक्षा, उपेक्षित कलावंत असंच आपण बोलतो. मूळ धातू बघितला तर उप + ईक्ष, यात ईक्ष म्हणजे बघणं. वाचस्पतींनी इथे तिचा अर्थ माध्यस्थ्य दिलाय, कुठल्याच बाजूला न कलणं. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रातही मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य अशाच चार भावना आहेत, आणि बौद्धांकडे तर मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा हे चार ब्रह्मविहार, म्हणजे मनाच्या चार श्रेष्ठ अवस्था. म्हणजे तिन्ही परंपरांचा हा सामाईक ठेवा. पाली विद्वान बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या बौद्ध साधनेवरच्या ग्रंथात प्रत्येक भावनेचे दोन शत्रू सांगितलेत, एक लांबचा आणि एक जवळचा. जवळचा म्हणजे जो त्या भावनेसारखाच दिसतो म्हणून ओळखू येत नाही. उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी, 'मला काय करायचंय'. याच विसुद्धिमग्गाची संपादित आवृत्ती करण्यात धर्मानंद कोसंबींनी कितीतरी वर्षं घातली, आणि ते इथे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले ते सहा महिन्यांसाठी आणि २०१४ मध्ये गेले ते पुण्यातच. १९६६ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या (मराठीत 'योगदीपिका') प्रस्तावनेत चित्ताच्या अडथळ्यांवरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणून याच चार भावना दिल्यात. तिथे ते सांगतात की उपेक्षा म्हणजे घसरलेल्या माणसाबद्दल तुच्छता किंवा आपण वरचढ असल्याची भावना नाही, तोच मोह समोर आला असता तर मी कसा वागलो असतो हे स्वतःला तपासून बघणं म्हणजे उपेक्षा. जगभरातून लोक मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या १९७५ पासूनच्या संस्थेत आसनं शिकायला येतात, पण मला त्यांचं हे म्हणणं एखाद्या अवघड आसनाइतकंच मोलाचं वाटतं.

व्यासभाष्यात आणखी एक बारकावा आहे. तिसऱ्या पादात या भावनांवर संयम (इथे संयम म्हणजे धारणा, ध्यान आणि समाधी एकत्र) केला की बळ मिळतं असं सूत्र आहे, तिथे भाष्य तीनच भावना घेतं आणि म्हणतं की पापी माणसाबद्दल आपण उपेक्षा करतो, ती काही भावना नव्हे, म्हणून तिच्यावर समाधी लावता येत नाही. मैत्री वाढवता येते, करुणा वाढवता येते, पण उपेक्षा म्हणजे पकडलेलं सोडून देणं, त्यात वाढवायचं काय.

आमच्या सोसायटीत टँकरच्या हिशोबाचा घोळ झाला तेव्हा मी रात्री साडेअकराला ग्रुपवर टाकायला भलामोठा मेसेज लिहिला होता, तो पाठवला नाही, सकाळी उठून साध्या चार ओळीत लेखी हिशोब मागितला, मिळाला नाही म्हणून परत मागितला, तिसऱ्यांदा मागितल्यावर मिळाला. हिशोब मागणं मी सोडलं नव्हतं, त्या माणसाला मनात दिवसभर फाडणं सोडायचा प्रयत्न करत होते, आणि ते पहिल्या दोन वेळा जमलं नाही.

म्हणूनच या शब्दाचा गैरवापर होतो तेव्हा राग येतो. सुनेला मार पडतोय आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं 'तू उपेक्षा कर, मन शांत ठेव', किंवा ऑफिसात ज्युनिअर मुलीला त्रास देणाऱ्याबद्दल तक्रार करायची सोडून तिलाच मेडिटेशनच्या सेशनला बसवतात. सूत्र आपल्या चित्ताबद्दल बोलतं, दुसऱ्याने अन्याय सोसावा असं त्यात कुठेही नाही. आधी तिला सुरक्षित करायचं, पोलीस, वकील, कमिटी जे लागेल ते, आणि अशा जागी आपल्याकडून द्यायची भावना करुणा आहे, कारण समोर दुःखी माणूस आहे.

मैत्री मात्र पुण्याला दरवर्षी रस्त्यावर दिसते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात दोन रात्री मुक्कामाला असतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, तेव्हा वारकरी अनोळखी माणसाच्याही पाया पडतात, समोरचाही त्यांच्या पाया पडतो आणि दोघं एकमेकांना माऊली म्हणतात. योगसूत्र न वाचलेली माणसंही ते इतकं सहज करतात की बघत राहावं.

सरावाची रीत सोपी आहे. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात (स्वारगेटजवळ आणि आळंदीजवळच्या मरकळला केंद्रं आहेत) मौन सुटायच्या दिवशी, म्हणजे दहाव्या दिवशी, मंगलमैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो ही भावना, शिकवतात, आधीचे दिवस श्वास आणि शरीरातल्या संवेदना बघण्यात जातात. घरी करायचं तर वैऱ्यापासून सुरुवात करू नये. ज्याचं सुख बघून आपल्याला सहज बरं वाटतं असा एक माणूस घ्यायचा, मग जरा लांबचा, मग ज्याचं प्रमोशन झालेलं आपल्याला टोचलं तो. मी तळजाईवर सकाळी चालताना करते, टेकडी चढताना एक माणूस आणि उतरताना दुसरा, आणि टोचणाऱ्या माणसाला चढाचाच रस्ता देते कारण तिथे दम लागतो आणि मनात भांडायला श्वास उरत नाही.