उरानिया आणि पांडेमोस: ॲफ्रोडाइटी एक की दोन?

ग्रीक पुराणकथांतील प्रेमदेवता म्हणून ॲफ्रोडाइटी सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र प्राचीन ग्रीक साहित्य थोडे खोलात जाऊन वाचू लागले, की तिच्या नावाला कधी ‘उरानिया’ तर कधी ‘पांडेमोस’ असे उपपद जोडलेले आढळते आणि या दोन निरनिराळ्या देवी असाव्यात, असे वाटू लागते. उरानिया ही स्वर्गीय, सात्त्विक प्रेमाची आणि पांडेमोस ही हलक्या वासनेची, अशी त्यांची वाटणीही सर्रास केली जाते. ही वाटणी मुख्यतः एकाच ग्रंथातून रूढ झाली आहे आणि देवळांतील प्रत्यक्ष उपासनेशी ताडून पाहिली असता ती फारशी टिकत नाही.

तो ग्रंथ म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचा ‘सिंपोझियम’. इ.स.पू. 416 मध्ये अथेन्समधील एका मेजवानीत झालेल्या प्रेमविषयक भाषणांच्या रूपात तो रचलेला असून, त्यातील पॉसेनियस नावाचा वक्ता म्हणतो की ॲफ्रोडाइटी दोन आहेत, म्हणून प्रेमही दोन प्रकारचे आहे. त्यासाठी तो देवीच्या दोन जन्मकथांचा आधार घेतो. कवी हेसिअडच्या ‘थिऑगनी’ या देवांच्या उत्पत्तीविषयीच्या काव्यानुसार क्रोनसने आपला पिता उरानोस, म्हणजेच आकाश, याचे लिंग छेदून समुद्रात टाकले आणि त्याभोवती जमलेल्या फेसातून ॲफ्रोडाइटी प्रकटली, होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात मात्र ती देवांचा राजा झ्यूस आणि देवी डायोनी यांची कन्या आहे. पहिलीला आई नाही, म्हणून तिचे प्रेम केवळ पुरुषांकडे आणि बुद्धीकडे वळते, तर दुसरीच्या जन्मात स्त्रीचा वाटा असल्याने तिचे प्रेम स्त्रियांकडेही वळते आणि शरीरातच अडकते, असा त्याचा निष्कर्ष आहे. मुळात या दोन कथा म्हणजे एकाच देवीच्या जन्माविषयीच्या दोन परंपरा होत. हेसिअड किंवा होमर यांपैकी कोणीही तिला दोन मानलेले नाही.

‘पांडेमोस’ या शब्दाचा साधा अर्थ ‘सर्व लोकांची’ असा आहे. अथेन्समध्ये तिचे स्थान अक्रोपोलिस या नगरातील टेकडीच्या पायथ्याशी होते आणि तेथे तिच्यासोबत पेइथो, म्हणजे मन वळवण्याची देवता, पूजली जात असे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस (वरील वक्त्याचा हा केवळ नामबंधू) सांगतो की पौराणिक राजा थीसियसने विखुरलेल्या वस्त्या एकत्र करून अथेन्स हे एक नगर केले, तेव्हा ही उपासना सुरू केली. म्हणजे येथे ही देवी नागरिकांना एकत्र बांधणाऱ्या ओढीची आहे. अथेन्सचा कायदेकार सोलन याने वेश्यागृहांच्या उत्पन्नातून तिचे देऊळ उभारले, अशीही एक कथा पुढे सांगितली जात असे, परंतु इ.स.पू. तिसऱ्या शतकातील एका शिलालेखात तिच्या मिरवणुकीपूर्वी देवस्थानाची शुद्धी करण्याचे आणि मूर्ती धुण्याचे काम नगराच्या अधिकाऱ्यांवर सोपवलेले आहे. ज्या देवीला नगर आपली मानते, तिचीच ही व्यवस्था म्हणावी लागेल.

उरानियाच्या बाबतीत विसंगती आणखी ठळक आहे. इतिहासकार हेरोडोटसच्या मते तिचे सर्वांत प्राचीन देऊळ सीरियातील अस्कलोन येथे होते आणि सायप्रसमधील देऊळ त्यावरूनच निघाले. पूर्वेकडील आकाशदेवतांशी असलेले तिचे नाते यातून सूचित होते. अथेन्समध्ये राजा एजियसने अपत्यप्राप्तीच्या चिंतेतून तिची उपासना सुरू केली, असे मानले जाई. तेथेच सापडलेल्या एका दगडी दानपेटीवर लग्नापूर्वी उरानियाला एक द्राख्मा (चांदीचे ग्रीक नाणे) अर्पण करावा, असा मजकूर कोरलेला आहे. कवी पिंडार तर कॉरिंथमधील गणिकांविषयी लिहिताना, त्या प्रेमांच्या स्वर्गीय मातेकडे मनाने झेपावतात, असे म्हणतो. म्हणजे ज्या देवीला प्लेटोचा वक्ता स्त्रीस्पर्शापासून दूर ठेवू पाहतो, तिच्याच दारी नववधू आणि गणिका दोघीही उभ्या होत्या.

मग दोघींत काहीच फरक नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. अथेन्समध्ये उरानियाला मद्याविना नैवेद्य दाखवण्याची प्रथा होती. ग्रीसमधील एलिस येथे शिल्पकार फिडियसने घडवलेली सोन्याची आणि हस्तिदंताची उरानिया एक पाय कासवावर ठेवून उभी होती, तर जवळच स्कोपासने घडवलेली ब्राँझची पांडेमोस बोकडावर बसलेली होती. कासव म्हणजे घर न सोडणारी, मितभाषी गृहिणी, असा अर्थ ग्रीक लेखक प्लूटार्कने लावला. प्रवासी पॉसेनियसने मात्र दोन्ही प्राण्यांचा अर्थ ज्याला हवा त्याने लावावा, असे म्हणून विषय सोडून दिला. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन याच्या याच नावाच्या वेगळ्या ग्रंथातील, म्हणजे त्याच्या ‘सिंपोझियम’मधील, सॉक्रेटिसही असाच सावध आहे: ॲफ्रोडाइटी एक की दोन हे मला ठाऊक नाही, कारण झ्यूससुद्धा एकच असून त्याला पुष्कळ नावे आहेत, परंतु दोघींच्या वेदी आणि देवळे वेगळी आहेत, आणि उरानियाचे यज्ञ अधिक सोवळ्याचे असतात, एवढे मला माहीत आहे.