ओपनलिनिएज क्लायंट लायब्ररी

डेटा प्लॅटफॉर्मवर चालणारे एखादे काम कधी सुरू झाले, त्याने कुठला डेटा वाचला, कुठे लिहिला आणि ते कसे संपले, याची नोंद ठरलेल्या साच्यात तयार करून पुढे पाठवणारी प्रोग्रॅमिंग लायब्ररी. नोंदी साठवणे किंवा त्यांचा आलेख काढणे हे तिचे काम नाही. ते पलीकडच्या सर्व्हरचे. डेटाच्या या वंशावळीला व्यवहारात सगळे ‘लिनिएज’च म्हणतात. पायथन आणि जावा या दोन भाषांतली क्लायंट सर्वाधिक वापरात आहेत.

ओपनलिनिएज हे मानक २०२० च्या अखेरीस आकाराला आले. त्याची मुळे वीवर्क कंपनीत तयार झालेल्या ‘मार्केझ’ या मेटाडेटा (डेटाविषयीची माहिती) साठवणाऱ्या सर्व्हरमध्ये आहेत. दोन्हींमागे असलेले ज्युलियन ल देम हे पार्के या फाइल फॉरमॅटच्या निर्मात्यांपैकी एक. २०२१ मध्ये प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या एलएफ एआय अँड डेटा या शाखेकडे गेला. त्याआधी प्रत्येक मेटाडेटा कॅटलॉगला एअरफ्लो (कामे वेळापत्रकाप्रमाणे चालवणारे), स्पार्क (मोठ्या डेटावर प्रक्रिया करणारे), डीबीटी (टेबलांचे रूपांतर करणारे) अशा प्रत्येक साधनासाठी वेगळा जोडकोड लिहावा लागे आणि साधनाची आवृत्ती बदलली की तो मोडे. आता साधनाने एकदाच या साच्यात बोलायचे, ऐकणारे कितीही असोत.

साच्यात मुख्य गोष्टी तीनच: जॉब, रन आणि डेटासेट. जॉब म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारे काम, रन म्हणजे त्याची एक फेरी, डेटासेट म्हणजे टेबल, फाइल किंवा टॉपिक (संदेशांचा प्रवाह). समजा, रोज रात्री ‘ऑर्डर्स’ टेबल वाचून ‘दैनिक विक्री’ भरणारा जॉब आहे. तो सुरू होताना क्लायंट रनसाठी एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी न जुळणारा ओळखक्रमांक, घेतो (यासाठी वेळेनुसार क्रम लागणारी सातवी आवृत्ती सुचवली जाते) आणि ‘स्टार्ट’ इव्हेंट, म्हणजे सुरुवातीची नोंद, पाठवतो. काम आटोपले की त्याच यूयूआयडीने ‘कम्प्लीट’ जातो. फसले तर ‘फेल’, मध्येच थांबवले तर ‘अबॉर्ट’. एका रनचे इव्हेंट एकमेकांत भर घालतात, त्यामुळे सुरुवातीला माहीत नसलेले आउटपुट शेवटच्या इव्हेंटमध्ये सांगितले तरी चालते. मात्र ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोसेस तडकाफडकी मारली तर शेवटचा इव्हेंट निघतच नाही आणि तो रन आलेखात ‘चालू आहे’ असाच लोंबकळत राहतो.

जादा माहिती ‘फॅसेट’ नावाच्या कप्प्यांत जाते. स्कीमा (स्तंभांची रचना), एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) मजकूर, त्रुटीचा संदेश, स्तंभनिहाय लिनिएज, कोणत्या मोठ्या रनने हा रन चालवला, असे कितीतरी फॅसेट मानकात आहेत आणि स्वतःचेही जोडता येतात. २०२३ मधल्या १.० आवृत्तीपासून रन नसतानाही नुसत्या जॉबची वा डेटासेटची नोंद पाठवता येते.

खरी मेख नावांत आहे. डेटासेटची ओळख नेमस्पेस (डेटा कुठल्या ठिकाणचा ते सांगणारा भाग) आणि नाव या जोडीवरच ठरते. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीसाठी नेमस्पेसमध्ये होस्ट (यंत्र) आणि पोर्ट येतो, नावात डेटाबेस, स्कीमा (इथे टेबलांचा गट), टेबल. आता लिहिणाऱ्या जॉबने होस्टचे नाव दिले आणि वाचणाऱ्याने त्याच यंत्राचा आयपी पत्ता दिला, तर आलेखात एका टेबलची दोन टेबले होतात आणि साखळी नेमकी तिथेच तुटते. दोन्ही इव्हेंट साच्यात अगदी चपखल बसतात, त्यामुळे त्रुटी कुठेच दिसत नाही. मानकाने नावांचे नियम घालून दिले आहेत. हाताने इव्हेंट बनवणारे ते सहसा शेवटी वाचतात.

इव्हेंट कोणत्या वाटेने जाणार हे ‘ट्रान्सपोर्ट’ ठरवतो: एचटीटीपी, काफ्का (संदेश वाहून नेणारी प्रणाली), फाइल, कन्सोल, किंवा एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवणारा कंपोझिट. हे सारे वायएएमएल या साध्या मजकुराच्या सेटिंग्ज फाइलमधून किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगता येते, कोडला हात लावावा लागत नाही. पायथन क्लायंटला काहीच सांगितले नाही तर तो इव्हेंट कन्सोलच्या लॉगमध्ये ओततो. ‘सर्व्हरवर काहीच पोहोचत नाही’ म्हणणाऱ्याने आधी तिथे डोकावावे.

नोंद घेणाऱ्याने मूळ काम बुडवू नये, ही इथली अलिखित अट. पायथनच्या एचटीटीपी ट्रान्सपोर्टची वेळमर्यादा मुळात ५ सेकंदांची आहे. एअरफ्लोमधला जोडकोड पाठवणी फसली तर लॉगमध्ये इशारा लिहून पुढे जातो. जावा क्लायंटमध्ये सर्किट ब्रेकर लावता येतो: मोकळी मेमरी घटली आणि गार्बेज कलेक्शनचा (नको असलेली मेमरी मोकळी करण्याचा) वेळ वाढला की लिनिएजचे काम आपणहून बाजूला होते. स्पार्कमध्ये हे फार उपयोगी, कारण तिथे लिनिएज गोळा करणारा लिसनर हा ड्रायव्हरच्याच, म्हणजे काम चालवणाऱ्या मुख्य प्रोसेसच्याच, मेमरीत राहतो.

बहुतेकांचा या लायब्ररीशी थेट संबंध येत नाही. एअरफ्लो २.७ पासून लिनिएजसाठी अधिकृत प्रोव्हायडर (जोड-पॅकेज) आहे आणि क्लायंट त्याच्या आत दडलेला असतो. स्वतःची स्क्रिप्ट किंवा घरचा शेड्यूलर असेल तेव्हाच ती हाताने बोलावावी लागते. अशा वेळी एक गोष्ट सहज निसटते: इव्हेंटमध्ये टेबलाच्या ओळी जात नाहीत, पण एसक्यूएल फॅसेटमध्ये क्वेरीचा मजकूर जातो. शर्तीत कुणाचा फोन नंबर थेट लिहिलेला असेल, तर तोही लिनिएजच्या सर्व्हरवर जाऊन बसतो.