वार, दाखला आणि जामीनदार : सातारा-सांगलीतल्या कॉलेजखर्चाची पार्श्वभूमी

जून उजाडला की साताऱ्यात काय नि सांगलीत काय, सेतू केंद्रासमोर रांग लागते. पोरांच्या हातात प्लॅस्टिकची फाईल असते. त्यात उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रीमी लेयर, रेशनकार्ड, आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक. कर्ज काढायचं असेल तर बापाचा सातबारा, आठ-अ आणि जामीनदाराचे कागदही येतात. हे सगळे कागद एकाच काळातले नाहीत. एकेक कागद आपापल्या वेळी या फाईलमध्ये शिरला.

शंभर वर्षांपूर्वी गावाकडच्या पोराला फीपेक्षा मोठा प्रश्न होता तो पोटाचा आणि पथारीचा. शहरात शिकायला गेलेला मुलगा सात घरी वार लावून, म्हणजे आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी, जेवायचा, नाहीतर माधुकरी मागायचा. पण ही सोय जातीच्या उंबऱ्याआतली. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या पोराला वार कोण देणार? भाऊराव पाटलांनी हा प्रश्न धरला तो इथेच. दुधगावला वसतिगृहाचा प्रयोग झाला आणि १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था उभी राहिली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली. तिथल्या बोर्डिंगला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत, स्वयंपाकापासून शेतकामापर्यंत सगळं स्वतः करत. धान्य गावोगावहून गोळा व्हायचं. ते संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ते याच ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. त्या काळातली शैक्षणिक मदत म्हणजे ताट, खोली आणि काम. अर्ज नव्हता, व्याज तर नव्हतंच.

सरकारी शिष्यवृत्तीची वाट निराळी. बाबासाहेब आंबेडकर १९०० मध्ये साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. पुढे १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. तीही नुसती देणगी नव्हती, शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार होता. अनुसूचित जातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते.

मग आली ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांची फीसवलत. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री, पाटणचे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री, दोघेही याच मातीतले. जात न बघता घरचं उत्पन्न बघायचं आणि वर्षाला बाराशेच्या आत असेल तर फी माफ करायची, असा तो निर्णय. माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या कोरडवाहू घरांतली पहिली पदवीधर पिढी बरीचशी या सवलतीवर शिकली. पण कोरडवाहू शेतकऱ्याचं उत्पन्न कागदावर मांडायचं कुणी? तलाठ्याने. तेव्हा त्याच्या पेनाला जे वजन आलं ते अजून उतरलेलं नाही.

कर्जही तेव्हा होतं, पण सरकारचं. १९६३ पासून केंद्राची राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती हुशार आणि गरजू मुलांना बिनव्याजी पैसे द्यायची. पुढे ती बंद पडली. आज तिची आठवणही कुणी काढत नाही, आणि माझ्या मते हे नुकसान मोठं आहे.

खरा सांधा बदलला तो १९८३ मध्ये. सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. तोवर या भागातल्या पोराला इंजिनिअर व्हायचं तर सांगलीचं वालचंद, कराडचं सरकारी कॉलेज, किंवा मग घर सोडून लांब. आता साखराळ्यासारख्या साखर कारखान्याच्या गावातही इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. जागा वाढल्या, पण सरकारी अनुदान नसल्यामुळे खर्च पालकांवर आला आणि डोनेशनचा जमानाही सुरू झाला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने फ्री सीट आणि पेमेंट सीट असा तोडगा काढला. पेमेंटवाल्याच्या पैशावर फ्रीवाला शिकायचा. २००२ च्या टीएमए पै निकालाने ती व्यवस्था मोडली. आता गरीब असो की श्रीमंत, कॉलेजची फी सगळ्यांना एकच. फी आणि घरची ऐपत यांतला फरक कुणीतरी भरायला हवा.

जवळजवळ त्याच सुमारास, २००१ मध्ये, बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. तेव्हा देशातल्या शिक्षणाला साडेसात लाखांपर्यंत, परदेशासाठी पंधरा लाखांपर्यंत कर्ज मिळायचं, आणि चार लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं. हा योगायोग असेलही, पण घराघरांतला हिशोब त्यानेच बदलला. जमीन गहाण ठेवायची ती विहिरीसाठी किंवा लग्नासाठी, हे माहीत होतं. पोरीच्या बी.ई.साठी बँकेत जायचं, हे नवीन होतं.

या कर्जातली एक गोष्ट अजूनही घरी नीट कळत नाही. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. वर्षाला साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी केंद्राने २००९ पासून या काळातलं व्याज भरायला सुरुवात केली. त्यालाही दाखला लागतोच. २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मीत आठ लाखांच्या आतल्यांना दहा लाखांच्या कर्जापर्यंत तीन टक्के व्याजसवलत आहे, मात्र संस्था ठरलेल्या यादीतली हवी. राज्याच्या ईबीसीचं २०१६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने नवं रूप झालं, तिची मर्यादाही पुढे आठ लाखांवर गेली. २०२४-२५ पासून कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांच्या आतल्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के माफी सुरू झाली. मेस आणि खोली त्यात येत नाही, म्हणजे पोटापथारीचा प्रश्न आहे तिथेच.

महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज भरायचा, तो कॉलेजच्या लॉगिनला पडून राहणार, मग विभागाकडे जाणार आणि पैसे कधीतरी खात्यात येणार. मधल्या काळात कॉलेजला पैसे हवे असतील तर ते पतपेढीतून येतात, नाहीतर कारखान्याच्या ऊसबिलातून, नाहीतर मामाकडून. आणि बापाचं गावच्या सोसायटीचं पीककर्ज थकलेलं असेल, तर बँकेच्या शाखेत पहिला प्रश्न पोराच्या मार्कांचा नसतो.